दुसरी पिशवी

रक्ताच्या काचेच्या बाटल्या जाऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्याला कितीतरी वर्षे झाली, तरी वॉर्डात अजूनही ‘बाटली’च म्हणतात. निवासी डॉक्टर म्हणून दुसऱ्या वर्षाला असताना एका संध्याकाळी मी सिस्टरांना सांगितले होते, “सहा नंबरच्या आजींना दोन बाटल्या लावायच्या आहेत.” आजी सत्तरीच्या होत्या, वजन फार तर अडतीस किलो असेल, हिमोग्लोबिन ४.२ होते आणि तरीही त्या बसस्टँडपासून आमच्या रुग्णालयापर्यंत मुलाच्या आधाराने चालत आल्या होत्या. त्यांचे हिमोग्लोबिन एका दिवसात उतरलेले नव्हते, ते महिनोन्‌महिने हळूहळू झिरपून गेले होते आणि त्यांच्या शरीराने त्याच संथ गतीने त्याच्याशी जुळवून घेतले होते, ही गोष्ट मला पुस्तकात वाचून माहीत होती. पण चारच्या पुढचा तो आकडा पाहिल्यावर पुस्तक आठवले नाही, फक्त ‘दोन’ आठवले.

पहिली पिशवी संध्याकाळी नीट गेली. दुसरी रात्री साडेअकराला सुरू झाली, कारण रक्तपेढीतून दोन्ही एकदमच आणली होती आणि ‘आता आणलीच आहे तर लावून टाकू’ असे सर्वांना वाटले. पहाटे तीनला वॉर्डबॉय मामा मला उठवायला आले तेव्हा आजी पलंगावर उठून बसल्या होत्या, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता, ओठांवर फेस होता आणि स्टेथोस्कोप न लावताही छातीतली घरघर ऐकू येत होती. रक्त थांबवले, ऑक्सिजन लावला, लघवी करवून अंगातले पाणी उतरवणारे लॅसिक्स दिले, आणखी दिले. साडेपाचच्या सुमारास लघवी झाली, श्वास उतरला आणि सातला त्यांनी चहा मागितला. सकाळच्या राउंडला आमच्या सरांनी केसपेपर चाळला, आजींच्या पायांवरची सूज बोटाने दाबून पाहिली आणि मला एवढेच विचारले, “पहिली समजली. दुसरी कशासाठी दिलीस?” मी म्हणालो, “सर, ऑर्डर दोनची होती.” ऑर्डर माझ्याच हाताची होती.

त्यानंतर विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून बरीच वर्षे काढली आणि रक्त देण्याचे, न देण्याचे हजारो निर्णय घेतले. सरांच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी नव्याने द्यावे लागते, हे मात्र कळायला वेळ लागला.

‘दोन बाटल्यां’ची सवय एकट्या माझी नव्हती आणि फक्त आपल्याकडची तर मुळीच नव्हती. १९४२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे भूलतज्ज्ञ जॉन लंडी आणि त्यांचे सहकारी अॅडम्स यांनी लिहून ठेवले की ज्या रुग्णाची शस्त्रक्रिया जोखमीची आहे त्याचे हिमोग्लोबिन दर शंभर मिलिलिटरला ८ ते १० ग्रॅमच्या खाली असेल, तर आधी रक्त देणे शहाणपणाचे ठरेल. तो अनुभवी माणसाचा सल्ला होता, प्रयोगातून निघालेला निष्कर्ष नव्हता. पण पुढच्या जवळजवळ अर्ध्या शतकात त्या सल्ल्याचा ‘दहा’ हा नियम झाला. दहाच्या खाली हिमोग्लोबिन गेले की रक्त मागवायचे, असे भूलतज्ज्ञ म्हणत, शल्यचिकित्सक म्हणत आणि त्यांचे ऐकून आम्हीही म्हणत असू. त्या नियमाला धक्का दिला तो १९८०च्या दशकातल्या एचआयव्हीच्या भीतीने. रक्तातून काय काय जाऊ शकते हे दिसल्यावर पहिल्यांदाच लोकांनी गंभीरपणे विचारले की हे रक्त खरोखर लागत होते का.

त्याचे पहिले मोठे उत्तर कॅनडातून १९९९ साली आले. अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. एका गटाला हिमोग्लोबिन १०च्या खाली गेले की रक्त आणि दुसऱ्याला ७च्या खाली गेले तरच रक्त. तीस दिवसांत दहाच्या गटातले २३.३ टक्के रुग्ण दगावले, सातच्या गटातले १८.७ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो असे संख्याशास्त्र सांगत होते, पण जास्त रक्त दिल्याने जास्त माणसे वाचली असे कोणालाही म्हणता येत नव्हते आणि मुळात सगळ्यांची खात्री नेमकी त्याचीच होती. मी तो लेख ग्रंथालयात बसून वाचला तेव्हा सहा नंबरच्या आजी आठवल्या. त्या प्रयोगात त्या बसत नव्हत्या, तरीही आठवल्या.

सातवर माणूस कसा निभावतो, याचा हिशेब फार अवघड नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. धडधाकट माणसाचे हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवते, त्यातून सुमारे १००० मिलिलिटर ऑक्सिजन शरीरभर पोहोचतो आणि स्वस्थ पडून असताना त्यातला जेमतेम २५० खर्च होतो. उरलेला तीन चतुर्थांश न वापरताच परत येतो. म्हणजे निसर्गाने घरात धान्य भरपूर भरून ठेवले आहे. हिमोग्लोबिन उतरले की हृदय थोडे जोरात चालते, पेशी परतीच्या रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घेतात, आणि ही घट सावकाश झाली असेल तर लाल पेशींच्या आतली रसायनेही बदलतात व हिमोग्लोबिन आपला ऑक्सिजन अधिक सहज सोडू लागते. १९९८ साली कॅलिफोर्नियात निरोगी स्वयंसेवकांचे रक्त काढून, त्याची जागा द्रवाने भरून, त्यांचे हिमोग्लोबिन ५ पर्यंत उतरवले, तरी स्वस्थ पडलेल्या अवस्थेत त्यांच्या अवयवांना ऑक्सिजन अपुरा पडल्याचे दिसले नाही. मात्र या सगळ्या हिशेबाची मदार हृदयावर आहे. ते जोरात चालू शकत असेल तरच गणित जुळते.

माझ्या ओपीडीत हिमोग्लोबिनला ‘पॉईंट’ म्हणतात. “रक्त पाच पॉईंट आहे, साहेब,” असे सांगत तीन वर्षांपूर्वी ऐन सोयाबीन काढणीच्या आधी एक शेतकरी बायकोला घेऊन आला. ती बत्तीस वर्षांची होती, पाळी दहा-दहा दिवस चाले आणि रिपोर्टवर ५.८ होते. मी तिची नखे पाहिली, ती चपटी होऊन मधून खोलगट झाली होती. ओठांचे कोपरे फाटले होते. कच्चे तांदूळ खातेस का, असे विचारल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली आणि सासूने मान डोलावली. दोन जिने चढून ती आली होती, वर आल्यावर थांबावे लागले होते, पण बसल्यावर नाडी ९६ होती, रक्तदाब ठीक होता, पायांवर सूज नव्हती आणि त्या दिवशी रक्तस्राव सुरू नव्हता.

“लावून द्या ना दोन बाटल्या,” नवरा म्हणाला, “हप्त्याभरात सोयाबीन काढाचं आहे.” आकड्याच्या नियमाने पाहिले तर त्याचे बरोबर होते. सातच्या खाली होती ती. पण सातच्या वर सहसा देऊ नये, एवढेच ते प्रयोग सांगतात. सातच्या खाली गेलेल्या प्रत्येकाला दिलेच पाहिजे असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. हा उलटा अर्थ आम्ही डॉक्टरांनीच काढला, कारण मर्यादेला आदेश समजणे सोयीचे असते. तिला हवे होते लोह. लाल पेशींच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते, तर शिरेतून देण्याच्या लोहाच्या नव्या औषधांपैकी एकातून एका बैठकीत १००० मिलिग्रॅम देता येते, तेही अर्ध्या तासाच्या आत, रक्तदाता शोधावा न लागता. शिवाय मूल होण्याच्या वयातल्या बाईला परक्याच्या पेशी दिल्या की तिच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याची शक्यता राहते आणि ती पुढच्या बाळंतपणात किंवा पुढच्या क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का हे पाहण्याच्या चाचणीला, आडवी येऊ शकतात. ती गरोदर असती आणि दिवस भरत आले असते, तर मी वेगळा विचार केला असता, कारण बाळंतपणात होणारा रक्तस्राव सोसायला तिच्यापाशी शिल्लकच नसती.

हे सगळे मी नवऱ्याला समजावून सांगितले, लोह दिले आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. तो नाराज होऊन गेला. लाल पिशवी टांगलेली दिसली की काहीतरी झाले असे वाटते, तपकिरी लोहाच्या सलाईनचा तसा रुबाब नाही. गावाकडे आजारी माणसाला भेटायला येणारे पहिल्यांदा विचारतात, ‘रक्त लावलं का?’ आणि ‘नाही’ म्हटले की डॉक्टरची किंवा घरच्यांची कुठेतरी कसूर झाली असा अर्थ निघतो. चार आठवड्यांनी ती परत आली तेव्हा ८.७ होते. सोयाबीन तोवर घरात आले होते, तिच्याशिवाय.

रक्त न देण्याचे जे फायदे असतात ते कोणालाच दिसत नाहीत, ही या निर्णयातली अडचण आहे. दिलेली पिशवी रजिस्टरमध्ये चढते, न दिलेली कुठेच चढत नाही. मे महिन्यात कॉलेजे बंद असतात, ऊन मी म्हणत असते, शिबिरे होत नाहीत आणि रक्तपेढीचा फ्रिज रिकामा होत जातो. तेव्हा न दिलेली ही पिशवी दुसऱ्या कोणाला तरी मिळालेली असते, पण तो आणि माझा रुग्ण एकमेकांना कधीच भेटत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून पैसे घेऊन रक्त देणे देशात बंद झाले, हे फार चांगले झाले. पण वॉर्डाबाहेर ‘पेशंटसाठी दोघे जण घेऊन या’ हे वाक्य अजून ऐकू येतेच. मजुरी बुडवून, दोन एसटी बदलून आलेला तो दाता पाहिला की केसपेपरवर ‘२’ लिहिताना हात थोडा अडखळावा, असे मला वाटते.

पिशवी हातात घेतली की ती थंडगार लागते. दोन ते सहा अंश तापमानात, साखर आणि क्षारांच्या द्रावणात त्या पेशी ४२ दिवसांपर्यंत ठेवता येतात. रक्तपेढीतून निघाल्यावर अर्ध्या तासात ती सुरू व्हावी आणि सुरू केल्यापासून चार तासांत संपावी, असा दंडक आहे. सुरू करण्याआधी दोघांनी पलंगाशी उभे राहून नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, पिशवीचा क्रमांक आणि मुदतीची तारीख मोठ्याने वाचून पडताळायची असते, आणि नाव रुग्णाकडून वदवून घ्यायचे असते. ‘तुम्ही शांताबाई ना?’ असे विचारले तर गुंगीतली कोणतीही बाई हो म्हणते. रक्तगट चुकल्यामुळे होणारे मृत्यू प्रयोगशाळेतल्या अवघड रसायनापेक्षा या पलंगापाशी झालेल्या साध्या चुकीतून जास्त होतात. पहिली पंधरा मिनिटे थेंब सावकाश ठेवून रुग्णाजवळ थांबायचे असते, कारण सर्वांत भयंकर रिअॅक्शन बहुधा तेव्हाच दिसते. आजींना झाले तसे रक्ताच्या भाराने फुप्फुसांत पाणी भरणे मात्र उशिरा आणि गुपचूप येते, अनेकदा पिशवी संपल्यावर. ब्रिटनमध्ये १९९६पासून अशा घटनांची देशभर नोंद ठेवतात आणि तिथल्या अहवालांत रक्त दिल्यामुळे झालेल्या मृत्यूंमध्ये हा प्रकार गेली काही वर्षे अग्रभागी आहे. आपल्याकडे अशी राष्ट्रीय नोंद २०१२च्या डिसेंबरात सुरू झाली. माझ्या त्या रात्री असे काही नव्हते. आजींची नोंद कुठे झाली असेल तर ती माझ्यापाशीच.

क्रॉसमॅचचा विषय निघाला की मुंबईची आठवण येतेच. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असा एक रक्तगट शोधला की जो नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ भासतो, पण ज्याला ‘ओ’चे रक्तही चालत नाही. जगभर त्याला ‘बॉम्बे’ गट म्हणतात, आणि शहराचे नाव बदलले तरी गटाचे बदललेले नाही. अशा रुग्णासाठी लागणारी एक पिशवी कधी दुसऱ्या राज्यातून विमानाने येते. तिथे ‘आणलीच आहे तर लावून टाकू’ असे कोणी म्हणत नाही.

आकडा साफ खोटे बोलतो अशीही एक जागा आहे. प्रसूतीनंतर रक्त धो-धो वाहत असलेल्या बाईचे हिमोग्लोबिन पहिल्या तासात १० येऊ शकते, कारण जाताना पेशी आणि पाणी दोन्ही बरोबरच जातात. उरलेल्या रक्ताचा दाटपणा तेवढाच राहतो, फक्त ते उरलेले फार थोडे असते. तिथे नाडी, रक्तदाब, गार पडलेले हात आणि भिजलेले कापड पाहायचे, रिपोर्टची वाट पाहायची नाही आणि पिशव्या मोजायच्या नाहीत. मी फिजिशियन असूनही अशा दोन रात्री लेबर रूममध्ये काढल्या आहेत. सातचा नियम त्या खोलीच्या दाराबाहेर ठेवावा लागतो. उलट पोटातला अल्सर किंवा यकृतविकारातल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी झालेल्या, पण रक्तस्राव तुफानी नसलेल्या रुग्णांत बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी २०१३ साली दाखवून दिले की ९ऐवजी ७ची मर्यादा पाळली तर सहा आठवड्यांनी ९१ऐवजी ९५ टक्के रुग्ण जिवंत असतात. जास्त रक्ताने शिरांमधला दाब वाढतो आणि बंद होऊ पाहणारी जागा पुन्हा उघडते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे.

आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. सात-साडेसात हिमोग्लोबिन असलेली मुले शाळेत जातात, क्रिकेट खेळतात आणि तो त्यांचा नेहमीचा आकडा असतो. नवा डॉक्टर तो पाहून घाबरतो आणि रक्त मागवतो. पण कोयत्यासारख्या वाकड्या पेशींच्या गर्दीत नव्या पेशींची भर घालून हिमोग्लोबिन १०च्या वर नेले तर रक्त दाट होते आणि बारीक वाहिन्या तुंबण्याचे भय वाढते. थॅलेसेमियाच्या, म्हणजे शरीरात लाल पेशी नीट तयारच न होण्याच्या आजाराच्या, मुलाचे उलट असते. त्याला दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त लागते आणि ते देण्याआधीचे हिमोग्लोबिनही ९.५च्या खाली जाऊ द्यायचे नसते, नाहीतर त्याची हाडे आणि प्लीहा त्या कमतरतेची किंमत मोजतात. शेजारच्या दोन खाटांवर एकाच वयाची, एकाच आकड्याची दोन मुले असली तरी निर्णय दोन निघतात.

गेल्या हिवाळ्यात तो सोयाबीनवाला पुन्हा आला, या वेळी वडिलांना घेऊन. वडील अडुसष्ट वर्षांचे होते, हृदयविकाराचा झटका येऊन दीड दिवस उलटल्यावर आणले होते. गुडघेदुखीसाठी वर्षभर खाल्लेल्या गोळ्यांनी पोटात व्रण होऊन रक्त झिरपत असावे, हिमोग्लोबिन ८.४ होते. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४० टक्केच होते. औषधे चालू करूनही बाथरूमपर्यंत गेले की छाती भरून येत होती. ज्याच्यावर सगळ्या हिशेबाची मदार, ते हृदयच इथे घायाळ होते.

२०२३च्या नोव्हेंबरात झटका आलेल्या आणि रक्त कमी असलेल्या ३५०४ रुग्णांवरचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात रक्त हात राखून दिलेल्या, म्हणजे सात-आठची मर्यादा पाळलेल्या गटात तीस दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा झटका आलेले १६.९ टक्के होते, तर १० राखलेल्या गटात १४.५ टक्के. हाही फरक संख्याशास्त्राच्या रेषेला जेमतेम शिवून थांबलेला आहे. सातच्या बाजूने आलेला असा काठावरचा फरक आम्ही १९९९ साली उत्साहाने स्वीकारला होता; आता दहाच्या बाजूने आल्यावर ‘सिद्ध झालेले नाही’ म्हणून बाजूला ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मी एक पिशवी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिमोग्लोबिन ९.२ आले, छातीतले भरून येणे कमी झाले होते, पण गेले नव्हते.

राउंडला माझ्याबरोबरच्या तरुण डॉक्टरने विचारले, “सर, दुसरी लावायची?” मी केसपेपर घेऊन खाली बसलो. अशक्त हृदयावर आणखी तीनशे मिलिलिटरचा भार टाकणे म्हणजे काय, हे मला एका पहाटेपासून माहीत होते. मी लिहिले: छातीत अजून त्रास, हिमोग्लोबिन ९.२, लक्ष्य १०. एक पिशवी, रात्री नाही, अकरा वाजता, साडेतीन तासांत, सुरू करण्याआधी लॅसिक्स, दर अर्ध्या तासाने श्वास आणि ऑक्सिजनची नोंद.

मुलगा दाराशी उभा राहून पाहत होता. “साहेब, एक विचारू का?” तो म्हणाला. “हिला पाच-आठ होतं तवा तुम्ही नाही लावलं. बाबाले नऊ हाय तं दुसरी लावता?” मी त्याला दोघांच्या हृदयातला फरक सांगितला. तिचे हृदय धावू शकत होते आणि बाबांचे आत्ता चालायलाही नको म्हणते आहे, असे काहीसे. त्याला किती पटले ते चेहऱ्यावरून कळले नाही. “म्हणजे पॉईंटावर नसते हे,” एवढे बोलून तो वडिलांची चप्पल पलंगाखाली सारायला वाकला.

अकरा वाजता सिस्टर पिशवी घेऊन आल्या. म्हाताऱ्यांनी आपले नाव वडिलांच्या नावासकट खणखणीत सांगितले, सिस्टरांनी क्रमांक वाचला, मी ताडून पाहिला. थेंब सुरू झाले. मी स्टूल ओढून पलंगाशी बसलो आणि घड्याळ मनगटावरून काढून गुडघ्यावर ठेवले.